वाळूच्या टेकड्या आणि वादळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गातल्या आमच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आम्ही काही जण मिळून वाळूच्या टेकडीची डागडुजी करतो. त्यामुळे गणपतीत गावी आलेले चाकरमानी, होमस्टेवाले, रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार), गोव्याकडची मंडळी अशी बरीच माणसं काही ना काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. वाळूची टेकडी म्हणजे नक्की काय? पुळणीवरचा कुठलाही ढीग टेकडीच का?

नाही. लाटेने आणलेली वाळू पुळणीवर पडते, उन्हात सुकते आणि वाऱ्याबरोबर आत सरकते. वाटेत एखादी वेल, गवताचा झुबका किंवा अडकलेला ओंडका आला की वारा तिथे मंदावतो आणि हातातली वाळू खाली टाकतो. झुबका वाळूत बुडतो, पुन्हा डोकं वर काढतो, पुन्हा बुडतो. असं वर्षानुवर्षं चाललं की टेकडी उभी राहते. पाणी वाळू आणतं, वारा रचतो आणि झाड धरून ठेवतं. या तिघांतलं एक जरी काढून घेतलं तरी टेकडी होत नाही.

समुद्राकडच्या पहिल्या रांगेवर फक्त वेली आणि गवत दिसतं. मागच्या जुन्या रांगांवर केवडा, निर्गुडी, त्याही मागे उंडी, करंज. कोकणातल्या कितीतरी नारळीच्या बागा आणि घरं या मागच्या टेकड्यांवरच आहेत, फक्त राहणाऱ्यांना ते ठाऊक नसतं. विहीर खणायला घेतली आणि हातभर मातीखाली नुसती वाळू लागली, की कळतं.

२. वाळूच ती! एका उधाणात वाहून जाते. मग तिने संरक्षण कसलं होणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. उत्तर असं, की वाहून जाणं हेच तिचं काम आहे.

मिरगाआधी आपण आगोट भरतो: तांदूळ, सुकी मासळी, कोकमं, मीठ, लाकूडफाटा. श्रावणापर्यंत डबे रिकामे झाले म्हणून कोणी रडत नाही, कारण भरले होते ते त्यासाठीच. टेकडी म्हणजे पुळणीची आगोट. वादळात किंवा पावसाळ्यातल्या उधाणात लाटा टेकडीचा पायथा खातात, ती वाळू मागे ओढून नेतात आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली टाकतात. तिथे वाळूचा दांडा तयार होतो. पुढची मोठी लाट या दांड्यावर अडखळून अलीकडे न येताच फुटते आणि किनाऱ्याला पोचते तेव्हा तिच्यातलं बळ बरंच गेलेलं असतं. थोडक्यात, टेकडी स्वतःची वाळू देऊन लाटेला लांबवर अडवते. पाऊस सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. आमच्या पुळणीवर आषाढात काळे खडक उघडे पडतात आणि दिवाळीनंतर ते असे गाडले जातात, की नव्या माणसाला तिथे खडक आहेत हे सांगून पटत नाही.

दुसरं काम साधं अडसराचं. वादळात हवेचा दाब उतरतो आणि वारा पाणी किनाऱ्याकडे लोटतो, त्यामुळे समुद्राची पातळीच वर येते. त्यात अमावस्या-पौर्णिमेची भरती सापडली तर विचारायलाच नको. हे चढलेलं पाणी टेकडीचा माथा ओलांडत नाही तोवर मागची वाडी कोरडी राहते. माथा ओलांडला, की टेकडी मागे लोटली जाते आणि वाळूसकट पाणी अंगणात येतं.

म्हणून टेकडी निम्मी गेलेली पाहून "फुकट गेली" म्हणू नका. निम्मी गेली आणि घर राहिलं, म्हणजे तिने काम केलं.

३. टेकडी किती उंच असली की पुरे?

नुसत्या उंचीवर जाऊ नका, जाडी बघा. उंच पण सडपातळ टेकडी एका रात्रीत कापली जाते, तीच बुटकी पण रुंद टेकडी दोन-तीन वादळं काढते. अमेरिकेत पूरनकाशे करताना बरीच वर्षं एक ठोकताळा वापरला जायचा: शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराच्या पातळीच्या वर, टेकडीच्या समुद्राकडच्या भागात, किनाऱ्याच्या दर फुटामागे ५४० घनफूट वाळू हवी. त्याहून कमी असेल तर टेकडी वादळात टिकणार नाही असं धरायचं. पुढे हा आकडाही अपुरा आहे असं तिथल्याच अभ्यासकांनी म्हटलं. आपल्या किनाऱ्याला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण भरती-ओहोटीतला फरकच वेगळा आहे: गोव्यात दोन मीटरच्या आसपास, तर मुंबईत पाच मीटरपर्यंत. पण मोजायची ती वाळू, उंची नव्हे, हा धडा इथेही लागू आहे.

४. निसर्ग वादळात टेकडी असूनही आमचं छप्पर उडालं आणि पोफळीची बाग झोपली. मग टेकडीचा उपयोग काय झाला?

वाऱ्यापासून वाचवणं टेकडीच्या हातात नव्हतंच. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, दिवेआगर, दापोलीकडच्या नारळी-पोफळी त्या वाऱ्याने मोडल्या. वाळूची टेकडी लाट आणि चढलेलं पाणी यांच्यासाठी आहे. पहिल्या रांगेतल्या घराला तिचा थोडा आडोसा मिळेल, इतकंच. पत्रे उडू नयेत म्हणून हुक, कोने आणि वासे घट्ट करणं हा वेगळा खर्च आहे आणि तो टेकडी असली तरी करावाच लागतो. टेकडी सगळ्यापासून वाचवते असं कोणी सांगत असेल, तर ते खोटं आहे. अशा वचनांमुळेच पुढच्या वादळानंतर लोक टेकडीवर रागावतात.

५. त्यापेक्षा दगडी धूपप्रतिबंधक बंधारा का नको? तो तरी डोळ्यांना दिसतो.

दिसतो, खरंय. उद्घाटनही होतं. ज्या वाडीची भिंत आज लाटेत आहे, मागे सरकायला वीतभर जागा नाही, तिथे बंधाऱ्याला दुसरा उपाय नाही आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

पण जिथे पुळण अजून रुंद आहे तिथे बंधारा घालणं म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या देणं. लाट दगडावर आपटून परत फिरते तेव्हा पायथ्याची वाळू उपसून नेते. काही पावसाळ्यांत बंधाऱ्यासमोरची पुळण उतरते, भरतीला चालायला जागा उरत नाही, होड्या ओढायच्या कुठे हा प्रश्न येतो. बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या घरासमोर धूप वाढते, मग ते घरही बंधारा मागतं. शिवाय मागची वाळू दगडाखाली अडकल्याने लाटेला द्यायला आगोटच उरत नाही (प्रश्न २). बंधारा खचला की निविदा काढावी लागते. टेकडी खचली तर, जागा आणि वाळू असेल तर, ती स्वतःच भरते.

६. टेकडी सांभाळायला खर्च किती येतो?

हातातून जाणारा पैसा कमी आहे. बांबू, झाप (नारळाच्या सुक्या झावळ्या), वेलीचे तुकडे, चार माणसांचे चार दिवस, दर वर्षी दुरुस्ती. एका वाडीच्या वर्गणीतून हे भागतं. बंधाऱ्याचा हिशेब कोटींत जातो.

टेकडीचा खरा खर्च पावतीवर दिसत नाही. तो जागेचा आहे. टेकडीला पुढे-मागे हलायला मोकळा पट्टा लागतो आणि आज किनाऱ्यावरच्या गुंठ्याचा भाव काय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. त्या पट्ट्यात खोल्या बांधता येत नाहीत, टेबलं मांडता येत नाहीत, गाडी लावता येत नाही. ज्याची जमीन पुढे आहे तो हा तोटा सोसतो आणि फायदा मागच्या सगळ्या वाडीला होतो. गावातली भांडणं इथूनच सुरू होतात. आमच्याकडेही झाली. माझं मत विचाराल तर पुढच्या जमीनवाल्याला नुसतं "पर्यावरण" सांगून गप्प बसवणं अन्यायाचं आहे. वाडीने त्याचा विचार करायला हवा: पार्किंगचं उत्पन्न वाटून घ्या, मागे जागा द्या, काहीतरी करा.

दुसरा छुपा खर्च वेळेचा. बंधारा एका हंगामात होतो, टेकडीला वर्षं लागतात. आणि तिसरा, दृश्याचा.

७. टेकडीमुळे खोलीतून समुद्र दिसत नाही. पाहुणे तक्रार करतात. वरचा भाग थोडा कापला तर?

कायद्याचं प्रश्न १३ मध्ये पाहा. इथे दोन गोष्टी सांगतो.

पहिली श्रीलंकेतली. तिथल्या ‘याला’ नावाच्या ठिकाणच्या एका हॉटेलाने समुद्र नीट दिसावा म्हणून समोरच्या टेकडीचा काही भाग काढला होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ते हॉटेल पूर्ण उद्ध्वस्त झालं. आजूबाजूला जिथे टेकड्या शाबूत होत्या तिथे पाणी अडलं. त्सुनामी आणि वादळ वेगळं, पण पाणी दोन्हीकडे खिंडारच शोधतं.

दुसरी अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातली. हार्वी सीडर्स या किनारी गावाने सरकारी योजनेत सुमारे २२ फूट उंचीची टेकडी बांधली. एका दांपत्याने दावा लावला, की आमच्या घरातून दिसणारा समुद्र झाकला गेला, भरपाई द्या. ज्यूरीने ३,७५,००० डॉलर मंजूर केले. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१२ मध्ये, सँडी वादळ येऊन गेलं. जुलै २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला: दृश्य गेल्याने घराची किंमत उतरली हे मोजायचं, तर टेकडीमुळे घर वाचण्याची शक्यता वाढून किंमत चढली तेही मोजायला हवं. शेवटी प्रकरण एका डॉलरवर मिटलं.

आपल्याकडे करता येण्यासारखं: बसायची जागा उंचावर न्या. माडीवर गॅलरी काढा किंवा मागे लाकडी मचाण करा. टेकडीला हात लावू नका.

८. लावायचं काय? वनखात्याने सुरूचं झाड लावलंय तसंच लावू का?

पहिल्या रांगेवर सुरू नको. तिथे दोनच दादा वनस्पती आहेत. एक मर्यादवेल: जांभळी फुलं, आपट्यासारखी दुभंगलेली पानं, वाळूवरून वीस-तीस फूट धावत जाते आणि पेरापेराला मुळं सोडते. नावातच सगळं आलं. दुसरी रावणाच्या मिशा: टोचणारं राठ गवत, ज्याचे काटेरी गोळे उन्हाळ्यात वाऱ्याबरोबर पुळणीवरून गडगडत जातात आणि पोरं त्यांच्यामागे धावतात. या दोघांनाही अंगावर वाळू पडलेली आवडते. पडली की ती आणखी वर येतात. बाकीची झाडं गुदमरून मरतात.

सुरू मूळचा आपला नाही. वाऱ्याला आडोसा म्हणून मागच्या रांगेत तो चालतो, पर्यटकांना सावलीही मिळते. पण त्याच्या सुयांचा थर पडला की खाली काही उगवत नाही, वेल मरते. पायथा लाटेने कापला की तो मुळासकट आडवा होतो आणि पडताना वाळूचा मोठा लचका घेऊन पडतो. काशीद, दिवेआगरकडे वादळानंतर गेलेल्यांनी हे पाहिलं असेल.

वेलीचे हातभर लांबीचे तुकडे घ्या, निम्मे वाळूत पुरा, एक-दोन पेरं आत जातील असे. वेळ: मिरगाचे पहिले चांगले पाऊस. लाट पोचते त्या रेषेच्या वरच लावा, नाहीतर पहिल्याच उधाणात जातील.

९. जेसीबीने पुळणीवरची वाळू लोटून एका दिवसात टेकडी करून मिळते. ते का नको?

कारण ती वाळू कुठून आली? समोरच्या पुळणीतून. पुळण जितकी खाली जाईल तितकी लाट आत येईल. म्हणजे पुढच्या खिशातलं काढून मागच्या खिशात टाकलं आणि वर डिझेलचे पैसे दिले. शिवाय अशा ढिगात मुळं नसतात, तो भुसभुशीत असतो आणि पहिल्या माऱ्यात बसतो.

वाळू बाहेरून आणली तर गोष्ट वेगळी. नेदरलँड्सने १९९० मध्ये ठरवलं, की किनारा आहे तिथेच राखायचा. त्यासाठी ते उत्तर समुद्राच्या तळाची वाळू बोटींनी उपसून किनाऱ्याला घालतात, वर्षाला साधारण १.२ कोटी घनमीटर. २०११ मध्ये त्यांनी हेगजवळ एकाच ठिकाणी २.१५ कोटी घनमीटर वाळूचा ढीग घातला आणि ती किनाऱ्यावर पसरवायचं काम वाऱ्या-लाटांवर सोडलं. पण हे समुद्रसपाटीखाली राहणाऱ्या श्रीमंत देशाचं गणित आहे आणि ते काम कधीच संपत नाही. आपल्याकडे आधी खाडीतला वाळूउपसा थांबला तरी खूप झालं. नदीने आणलेली वाळू खाडीतच ट्रकवर चढली, तर पुळणीला मिळणार कुठून?

१०. झापांचं कुंपण घालतात म्हणे. ते कसं आणि कधी?

दिवाळीनंतर, पुळण भरू लागली की. शिमग्याच्या आसपास दुपारचा वायव्येचा वारा जोर धरतो, वाळू सुकी असते, तेव्हा कुंपण तयार हवं. बांबूचे खुंटे, मध्ये सुक्या झावळ्या बांधायच्या. उंची कंबरेइतकी. घट्ट भिंत नको, निम्मा वारा आरपार जायला हवा. झापं दाट बांधली तर वारा वरून उडी मारतो आणि पायथ्याशी खड्डा पाडतो. पहिल्या वर्षी आम्ही उत्साहात दुहेरी झापं बांधली आणि कुंपणच लोळलं. दुसऱ्या वर्षी विरळ बांधली, खुंट्यांवर कोयत्याने खुणा केल्या आणि मे महिन्यात खालच्या तीन खुणा वाळूत गेलेल्या होत्या. जिंकल्यासारखे नाचलो नाही इतकंच!

प्लॅस्टिकची जाळी वापरू नका. फाटून समुद्रात जाते आणि झाप कुजला तर खत होतो.

११. होड्या, रापण, बैलगाडी यांना वाट लागतेच. टेकडी अखंड कशी ठेवणार?

ठेवता येत नाही, आणि रापणकरांना अडवून टेकडी वाचवायची ही कल्पनाच चुकीची. पण वाट कशी आहे याला महत्त्व आहे. समुद्राकडे सरळ उघडणारी, टेकडी तळापर्यंत कापून काढलेली वाट म्हणजे उधाणाला दिलेलं आमंत्रण. पाणी तिथूनच आत येतं आणि वाट रुंद करत जातं. वाट तिरपी काढा, लाटेच्या दिशेला तोंड येणार नाही अशी, आणि शक्यतो टेकडीच्या अंगावरून चढून उतरणारी. होडीची वाट एकच ठेवा, पावसाळ्यात होड्या वर चढल्या की तिचं तोंड वाळूच्या पिशव्या आणि झापांनी बंद करा. पायी जाणाऱ्यांसाठी लाकडी फळ्यांची उचललेली वाट सर्वांत उत्तम. दहा होमस्टेंच्या दहा पायवाटा असतील तर त्यांची एक करा. यावर सभा घ्यावी लागते, चहा पाजावा लागतो.

१२. टेकडीमुळे वाळू घरात येते. आणि विहिरीचं काय?

वाळू येते ती उघड्या टेकडीची. वेल धरली की उडणं फार कमी होतं. शेळ्या, गाड्या आणि घोडागाडी वर चढू दिली की पुन्हा सुरू.

विहिरीला टेकडीचा फायदाच आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. ढोबळ हिशेब असा, की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली सुमारे चाळीस फूट असतं. ॲमस्टरडॅम शहर १८५३ पासून टेकड्यांमधलं पाणी पितंय. टेकडी सपाट केली, वर बोअरला पंप लावला, की मचूळ पाणी यायला वेळ लागत नाही.

१३. सातबारा माझ्या नावावर आहे. माझ्याच जमिनीतली टेकडी मी सपाट करू शकतो ना?

नाही. मालकी वेगळी, परवानगी वेगळी. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या सर्वांत संवेदनशील गटात, १-अ मध्ये, येतात. २०११ च्या अधिसूचनेत टेकडीचा आकार बदलण्यावर बंदी होती. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत "सक्रिय" टेकड्या असा शब्द आला, म्हणजे ज्यांच्यावर अजून वाळूची ये-जा चालू आहे त्या. हा एक शब्द वादाला पुरेसा आहे: मागची, झाडांनी झाकलेली जुनी टेकडी "निष्क्रिय" ठरवून कापायला लोक बघतात. आमच्या मते हे घातक आहे, कारण पहिली रांग गेली की लढायला दुसरीच उरते.

२०१९ मध्येच दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त लोक असतील तिथे, भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला, अर्थात मंजूर किनारा आराखड्याच्या अटींवर. इतरत्र तो २०० मीटरच आहे. तुमचा गट नंबर नकाशात कुठे येतो ते आधी पाहा. शंका असल्यास राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी विचारा. दलालाचं तोंडी उत्तर पुढे उपयोगी पडत नाही. कुंपण घालण्याआधीही ग्रामपंचायत आणि वनखात्याला कळवून परवानगीचं विचारा.

१४. टेकडी चांगली आहे, तरी आमच्या वाडीत पाणी शिरलं. का?

बहुतेक वेळा ते समोरून नव्हे, मागून आलेलं असतं. खाडीच्या तोंडाजवळच्या वाड्यांत उधाणाचं पाणी खाडीतून वर चढतं आणि परसात येतं. देवबागची जमीन बघा: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, मध्ये चिंचोळी पट्टी. तिथे समोरची टेकडी निम्माच प्रश्न सोडवते. खाडीच्या बाजूला कांदळवन आणि खारबंधारे (खारं पाणी अडवणारे बांध) ही कामं वेगळी करावी लागतात. शिवाय खाडीचं मुख जागा बदलतं, आणि त्याच्या जवळची टेकडी कितीही वेल लावली तरी जाऊ शकते. तिथे मेहनत घालू नका, हा आमचा अनुभवाचा सल्ला.

१५. वादळानंतर टेकडीचा उभा कडा झालाय, पुरुषभर उंच. लगेच उतार करून घेऊ का?

थांबा. फक्त माणसं, विशेषतः पोरं, कड्याखाली बसणार नाहीत हे बघा, कारण तो ढासळतो. दोरी बांधा. कडा आपोआप पडून उतार होतो आणि पुळण परत भरू लागली की पायथ्याशी नवी वाळू साचते. दिवाळीपर्यंत वाट पाहून मग कुंपण (प्रश्न १०). माथ्यावरून लोंबणाऱ्या वेली कापू नका, त्या खाली टेकल्या की तिथेच मुळं धरतात.

१६. समुद्राची पातळी वाढणारच आहे. मग हे सगळं किती दिवस?

मागे मोकळी जागा असेल तर टेकडी स्वतः मागे सरकते आणि नव्या पातळीशी जुळवून घेते. मागे रस्ता, कंपाउंड किंवा हॉटेल असेल तर ती समुद्र आणि बांधकाम या दोघांत चिरडते. म्हणून नवीन बांधकाम करणाऱ्यांना आम्ही एकच विचारतो: चार-पाच मीटर मागे घेता येईल का?

१७. वादळात पडलेले सुरू पुळणीवर आणि टेकडीवर पडून आहेत. काढावेत का? कासवांना अडचण होईल ना?

दोन ठिकाणांचं उत्तर वेगळं आहे. भरतीरेषेवर आडवे पडलेले बुंधे काढा. वेळास, आंजर्ले, मोरजी, आगोंद, गालजीबाग अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात माद्या अंडी घालायला वर येतात आणि ओंडका लागला की परत फिरतात. याच कारणाने कुंपणही सलग न घालता मध्ये मध्ये रुंद मोकळीक सोडा. टेकडीवर पडलेल्या झाडांचा बुंधा करवतीने कापून न्या, पण खोड-मुळं जेसीबीने उपटू नका. उपटलेल्या खड्ड्यापासूनच पुढच्या वर्षीचं खिंडार सुरू होतं. मुळं तिथेच कुजू द्या आणि त्यांच्या आडोशाला मर्यादवेलीचे दोन तुकडे पुरा.